शेपू

कन्नमवार नगरच्या बाजारात
आई शेपूची जुडी नाकाशी नेते
आणि मी भाजीवालीसमोर मध्येच थांबते.
लहानपणी या वासाने मी ताटावरून उठायचे.
आता म्हणते, "दोन घे."
आई वळून बघते. काही बोलत नाही.

गावाचं नाव माली व्हेर्बी.
मराठीत सांगायचं तर वाळुंज खुर्द.
सव्वीस घरं, एक विहीर,
निळ्या पत्र्याचं चर्च,
विजेच्या खांबावर करकोच्यांचं रिकामं घरटं,
बैलगाडीच्या चाकाएवढं.
वाळुंज बुद्रुक नदीपलीकडे,
म्हणजे परदेशात.
नदी आमच्या खाडीहून अरुंद,
उन्हाळ्यात म्हणे गाईच्या पोटाला लागेल इतकीच.

आम्ही नऊजण होतो, तिसऱ्या वर्षाचे,
जाडी पुस्तकं वाटेत एका बसथांब्यावर
नीट रचून ठेवून आलेले,
जणू परत जाताना उचलणार होतो.
नाक्याची रांग अकरा किलोमीटर,
थंडी उणे नऊ.
कुंपणाशी एक बाई बॅटरी घेऊन उभी.
तिनं काही विचारलं नाही,
खुराड्यात कोंबड्या मोजतात
तशी आमची डोकी मोजली
आणि दार लोटलं.

हाफिया तिचं नाव.
"ज्ञानदा" तिच्या जिभेला पेलेना.
तीनदा अडखळली, मग म्हणाली, "दाना."

तिची भाषा मला वॉर्डापुरतीच यायची:
कुठे दुखतं? कधीपासून? आधी कधी झालं होतं?
तेवढ्यावर आम्ही रात्रभर बोललो.
गुडघा, तिनं दाखवला. पाच वर्षं.
मुलगा, तिनं फोटो दाखवला.
कधीपासून, हे मी विचारलं नाही.

जात्यातले रडतात, सुपातले हसतात,
अशी एक म्हण आहे आमच्यात, हाफिया.
उद्या सुटणार होतो, म्हणजे सुपात आम्हीच.
आणि रडतही आम्हीच होतो,
बुटांतून पाय निघत नाहीत म्हणून,
चार्जर हरवला म्हणून.
तू चुलीपाशी हसत होतीस,
नऊजणांना सहा ताटल्या कशा पुरवायच्या
या कोड्याला.

बटाटे उकडलेले, वर लोणी,
त्यावर चिमटीनं भुरभुरवलेला
सुकवलेला, हिरवा, माझा जन्माचा वैरी.
"क्रीप," ती म्हणाली.
"शेपू," मी म्हणाले.
"शेपू," ती म्हणाली, पहिल्या फटक्यात.
मी जमले नाही तिला. शेपू जमला.

पहाटे तिनं दोरीवर लाल चादर टाकली.
धुतलेली नव्हती, ओलीही नव्हती.
धाकटी बहीण बुद्रुकला दिलेली,
पूर्वी दोघी काठावरून ओरडून बोलायच्या,
आता मध्ये तारा, शिक्के, बंदुका.
लाल म्हणजे सगळं ठीक.
त्या दिवशी काहीच ठीक नव्हतं
आणि चादर लाल होती.

आता मी घाटकोपरच्या एका लॅबमध्ये
सकाळी सहापासून नळ्यांवर नावं चिकटवते.
इथली परीक्षा दोनदा हुकली,
दुसऱ्यांदा सात गुणांनी.
"कुठे दुखतं" विचारायची परवानगी अजून नाही,
"मूठ आवळा" एवढंच म्हणते.
चौथ्या मजल्यावरून तिवरं दिसतात,
खाडी, आणि तिच्यापलीकडे वाशी.
तिकडे जायला कुणी शिक्का मागत नाही
हे मला अजूनही
मधूनच, कपडे वाळत घालताना, नवल वाटतं.

परवा तिच्या नातवाचा निरोप आला: करकोचे आले.
मी लिहिलं, चादर कुठल्या रंगाची?
त्यानं वाचलंय. उत्तर नाही.
असेल शाळेत.

आई जुडी निवडते, मी बटाटे सोलते.
"फोडणी?"
"नको. नुसतं लोणी. वरून शेपू, कच्चाच."
"कच्चा? असं कोण खातं गं?"
"खातात."
"कुठे?"
"खुर्दला."
आई हात थांबवते,
तिचं माहेरही एक खुर्दच.
"आमच्यात नाही बाई," म्हणते,
आणि एक काडी दातांत धरून बघते.